सर्दी आहे, बाकी काही नाही

"सर्दी आहे हो, बाकी काही नाही," लिफ्टमधला माणूस म्हणाला. शिंकून झाल्यावर म्हणाला, आणि तेही तळहाताने नाक पुसत, त्याच हाताच्या बोटाने चौथ्या मजल्याचं बटण दाबत. लिफ्टमध्ये दोघंच होती. बाईंनाही चौथ्याच मजल्यावर जायचं होतं, त्यामुळे बटणाला हात लावायची वेळ आली नाही. त्या मागे सरकल्या आणि पाठ थंड पत्र्याला टेकली. एरवी त्यांनी त्या माणसाला धुऊन काढलं असतं. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, नाटकाच्या मध्यंतरात त्यांनी अशी कित्येक नाकं वठणीवर आणली होती. हिच्याबरोबर बाहेर पडायचं म्हणजे सोबत हवालदार घेऊन फिरणं, असं नवरा म्हणायचा. आज मात्र तोंडातून शब्द फुटेना. आपण कोणत्या तोंडाने बोलणार, असं त्यांना वाटलं, आणि हे वाटणं इतकं नवं होतं की चौथा मजला येऊन दार उघडलं तरी त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. बाकी काही नाही. या तीन शब्दांच्या पलीकडे, त्या दारापासून डावीकडे वळलं की लहान मुलांचा वॉर्ड होता, आणि तिथे त्यांची नात श्वास घेण्याचं काम करत होती. काम हाच शब्द. निरोगी माणूस श्वास घेत नाही, तो आपोआप होतो. ही मात्र परवापासून एकेका श्वासासाठी राबत होती.

वॉर्डाच्या दाराशी त्यांनी हात धुतले, नवा मास्क लावला, मग पुन्हा हात धुतले. सून खाटेशेजारच्या खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिच्याही तोंडावर मास्क होता, वर फक्त तारवटलेले डोळे. "कशी आहे?" "तशीच. दूध ओढत नाही, नाकातल्या नळीनेच देतायत." "आणि तू? काही खाल्लंस?" "मला काय धाड भरलीय," सून म्हणाली आणि खिडकीकडे बघू लागली. खाटेवर गाठोडं झोपलं होतं. कागदोपत्री तिला चांगलं नाव होतं, पण जन्मल्यावर चादरीत करकचून गुंडाळून घरी आली तेव्हा आजोबांनी दार उघडून "हे गाठोडं कुणाचं?" असं विचारलं होतं आणि तेव्हापासून ती गाठोडंच झाली. आता चादर नव्हती. उघड्या छातीवर तारा चिकटवल्या होत्या, नाकपुड्या फुलत होत्या, आणि श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडत होता, बोटाने पीठ दाबावं तसा. डॉक्टर तरुण होता, बाईंच्या व्याख्यानांना बसलेला. "बाई, तुम्हाला मी काय सांगणार," तो म्हणाला होता, "आज आणि उद्या, हेच दोन दिवस जड. दमली नाही तर निभावेल. दमली तर मशीनवर घ्यावं लागेल." या विषाणूवर औषध नाही हे त्याला ठाऊक होतं आणि बाईंना त्याच्याहून आधीपासून. नाक साफ करायचं, ऑक्सिजन द्यायचा, थोडं थोडं दूध द्यायचं आणि ती दमत नाही ना हे बघत बसायचं. रडत का नाही, असं सुनेने विचारलं तेव्हा थोराड बांध्याची सिस्टर म्हणाली होती, "रडायला श्वास शिल्लक लागतो, ताई. ही ज्या दिवशी भोकाड पसरेल ना, त्या दिवशी मी निवांत जेवायला जाईन."

बाईंना सगळं दिसत होतं, हाच त्यांचा त्रास होता. दुसऱ्या कोणाला खळगा दिसला असता. त्यांना त्या खळग्याच्या आतलं दिसत होतं. उभी हयात त्यांनी हेच पाहिलं होतं, आधी मायक्रोस्कोपखाली आणि मग डोळे मिटल्यावरही. हा विषाणू म्हणजे काय, तर चरबीच्या पातळ पिशवीत घातलेला आरएनएचा, म्हणजे रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या हुकुमाचा, एक धागा. त्याला ना तोंड, ना पोट, ना इच्छा. कोणाच्या तरी शिंकेतून, कोणाच्या तरी बोटावरून तो नाकात येतो, अस्तरातल्या पेशीला चिकटतो, पिशवी पेशीशी एकजीव होते आणि धागा आत उतरतो. पेशी बिचारी आज्ञाधारक. वरून आलेला हुकूम खरा की खोटा विचारत नाही, छापायला बसते. घाईघाईने छापते, आणि छापलेलं तपासायला कोणी नसतं, म्हणून या जातीतले बरेच विषाणू चुका करत करतच नवी रूपं घेतात. या विषाणूची आणखी एक खोड होती. तो शेजारशेजारच्या पेशींच्या भिंती पाडतो, चार खोल्यांचा एक दिवाणखाना करावा तसा, आणि मग ते सगळंच कोसळतं. नळ्यांच्या आत केसांसारखा जो झाडू सतत हलत असतो तो थांबतो. मेलेल्या पेशी, शेंबूड आणि सूज मिळून बोळा होतो. सूज तर विषाणूची नव्हेच, ती आपली. शरीर चोर पकडायला धावतं आणि त्या धावपळीत घरातली भांडीकुंडी फुटतात. "विषाणू नुसती काडी लावतो, घर पुष्कळदा आपणच जाळतो," हे वाक्य बाई दरवर्षी वर्गात म्हणायच्या आणि मुलं दरवर्षी हसायची. मोठ्या माणसाच्या नळ्या रुंद असतात, थोडी सूज आली तर नाक वाहतं, दोन दिवस अंग मोडून येतं, बाकी काही नाही. गाठोड्याच्या नळ्या बॉलपेनच्या रिफिलीएवढ्या. तेवढीच सूज तिथे दार लावून घेते. वाक्य तेच होतं, पण आता त्यात हसण्यासारखं काय होतं ते त्यांना आठवेना.

लहानपणी त्यांना दर थंडीत खोकला व्हायचा. आई म्हणायची, औषध घेतलं तर सर्दी सात दिवसांत जाते आणि नाही घेतलं तर आठवड्याने. मग स्वतःच्याच विनोदावर हसत त्यांना खांद्यावर उभं धरून खोलीभर फिरायची, कारण आडवं केलं की खोकला वाढायचा. त्या खांद्याचा उबदारपणा आणि कापडाला येणारा धुरकट साबणाचा वास बाईंना अजून आठवत होता. त्या वासाला काही कारण नव्हतं, पण मूल उभं धरलं की ते बरं वाटतं हा विश्वास त्यांना कुठल्याही पुस्तकाने दिला नव्हता, त्या वासाने दिला होता. आणि त्याच विश्वासाने त्यांनी गेल्या आठवड्यात त्या दुपारी गाठोड्याला खांद्यावर घेतलं होतं.

त्या दुपारची चूक घडली ती शिस्तीतून. प्रयोगशाळेत त्यांची एक खोली होती, पेशी वाढवायची. सपाट बाटल्यांत गुलाबी द्रव, त्यात माणसाच्या घशातल्या, फुप्फुसातल्या पेशी, आणि त्यांना अंगच्या उबेत ठेवणारं कपाट. वर्षानुवर्षं बाईंनी त्या पेशी पोटच्या पोरांसारख्या सांभाळल्या होत्या. दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: शिंकणाऱ्याने आत येऊ नये, हुद्दा विचारला जाणार नाही. एकदा खुद्द संचालकांना त्यांनी त्या दारातून परत पाठवलं होतं. लोक खोलीला सोवळ्याची खोली म्हणायचे आणि बाईंना त्याचा छुपा अभिमान होता. खोलीचा आणखी एक रिवाज होता. ज्याला सर्दी झाली त्याने घरी जाण्याआधी आपल्या नाकातला नमुना काडीवर घेऊन नळीत घालायचा आणि ती फ्रीझरमधल्या एका डब्यात ठेवायची. डब्याचं नाव नाकपेटी. नव्या मुलांना शिकवायला नमुने होतात आणि घरी जाणाऱ्याला थोडी लाजही वाटते, असा दुहेरी फायदा. गेल्या आठवड्यात सकाळी बाईंच्याच घशात खवखवलं. त्यांनी दारातच थांबून मास्क लावला आणि जाहीर केलं की मी चालले. शाळेला सुटी मिळाल्यासारखा सगळ्यांना आनंद झाला. त्यांनी स्वतःच नाकात काडी फिरवली तेव्हा टाळ्यासुद्धा पडल्या. कर्तव्य केल्याच्या समाधानात त्या भर उन्हात घरी आल्या. सून अर्धवट झोपेत होती. "आई, जरा धरता हिला?" म्हणाली. बाईंनी हात स्वच्छ धुतले, मास्क काढून खुंटीला अडकवला, आणि गाठोड्याला खांद्यावर घेऊन दुपारभर खोलीत फिरल्या. तिच्या टाळूचा वास घेतला. तिच्या कानाशी गुणगुणल्या. सर्दी त्यांना झाली होती ती पेशींच्या हिशेबात. बाळाच्या हिशेबात ती झालेलीच नव्हती, ती प्रयोगशाळेच्या दाराशी चपलांबरोबर राहिली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. ही म्हण त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांवर फेकली होती.

आपल्यामुळे हे झालं, हे त्या जाणत होत्या. तरी मनाने जाणणं आणि पुराव्याने माहीत असणं यांत त्यांच्या धंद्यात फरक होता. म्हणून काल त्यांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत लहान संशोधिकेला, जिला सगळे धाकटी म्हणत, बाजूला घेतलं होतं. नाकपेटीतली माझी नळी काढ, वॉर्डातून आलेला तो नमुनाही घे, दोन्हींतला आरएनए शेवटपर्यंत वाच आणि शेजारी शेजारी ठेव. धाकटीने वॉर्डाच्या नळीवरचा नंबर पाहिला, नमुन्यांवर नावं नसत. "बाई, नंबरामागचं माणूस विचारायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत." "मी विचारत नाहीये, मी सांगतेय, ती माझी नात आहे," बाई म्हणाल्या. धाकटीने नंबर वहीत उतरवला. उद्या दुपारपर्यंत होईल, म्हणाली. आज ती दुपार होती.

बाहेरच्या बाकावर नवरा थर्मास मांडीत घेऊन बसला होता. पलीकडच्या टोकाला लिफ्टमधला तो माणूस, त्याचंही कोणीतरी आत असणार. बाईंनी पर्समधून मास्क काढून त्याच्यासमोर धरला. "लावा हं हा, आत लहान मुलं आहेत," त्या म्हणाल्या, आणि आपल्या आवाजातला मऊपणा ऐकून स्वतःच चपापल्या. माणसाने निमूटपणे मास्क लावला. नवऱ्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनाच ताप आलाय. मग तो खाकरला. "तुला एक सांगायचंय. आधी कबूल कर, ओरडणार नाहीस." "सांग." "तुझ्या घशाच्या आधी मला खोकला होता. वाचनालयात एक गृहस्थ वर्तमानपत्रावर खोकत बसायचे, त्यांचाच प्रसाद असणार. तू विचारलंस तेव्हा ठसका लागला म्हणालो." "खोटं बोललास?" "बोललो. तू मला गच्चीत झोपवलं असतंस." त्याने थर्मासचं झाकण फिरवलं, उघडलं नाही. "मीच तिला दिलं, बाई. रोज सकाळी तिच्या मुठी फुंकत होतो. हसायची ना ती." चिडायच्या ऐवजी बाई त्याच्या शेजारी बसल्या. "आणि ऐक, आपला पोरगाही काल हेच म्हणत होता. ऑफिसात सगळे खोकतायत, मीच घरी आणलं म्हणून. तुला सांगू नका म्हणाला." आपण एकटीच अपराधी नाही हे कळल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. बाईंना वाटलं ते वेगळंच. एका छपराखाली दोन माणसं खोकला गिळत वावरत होती, आणि दोघांनाही भीती विषाणूची नव्हती, बाईंची होती.

धाकटीकडे जायला आवार ओलांडावं लागायचं. उन्हात दोन माळी पाइप धरून उभे होते, एका नर्सने चपला काढून गवतावर पाय ठेवले होते. आत गेल्यावर धाकटी म्हणाली, "मशीन चालू आहे, अजून थोडा वेळ. तोवर एक दाखवू? परवापासून तुम्ही बघितलंच नाहीये." तिने मायक्रोस्कोपखाली एक तबकडी सरकवली. तिच्यातलं पेशींचं अस्तर त्यांनी वरून हवा लागेल असं वाढवलं होतं, खरोखरच्या श्वासनळीसारखं, आणि महिन्यापूर्वी त्यावर हाच विषाणू सोडला होता. तेव्हा ते उजाड झालं होतं, झाडू बंद, पेशी गळून पडलेल्या. बाईंनी डोळा लावला. आधी काही दिसेना. मग कडेला हालचाल दिसली. खालच्या थरातल्या पेशी, ज्यांच्यापर्यंत विषाणू पोचलाच नव्हता, त्या वर आल्या होत्या, पसरल्या होत्या, आणि त्यांच्या माथ्यावर नवे केस उगवून एका दिशेने डोलत होते, वाऱ्यावर उभं पीक डोलावं तसे. सगळे एका लयीत नव्हते. काही मागे पडत होते, काही उगीचच घाई करत होते. पण झाडणं सुरू झालं होतं. ही गोष्ट बाईंना नवी नव्हती, त्यांनी ती छापली होती, तिच्यावर भांडल्या होत्या. तरी त्यांचे डोळे भरून आले आणि समोरचं सगळं धूसर झालं. "आपणहून?" त्यांनी वेड्यासारखं विचारलं. "आपणहूनच," धाकटी म्हणाली, "आपण फक्त दूध-पाणी बघितलं." आणि बाईंना डॉक्टरचे शब्द आठवले. दमली नाही तर.

परत आल्या तेव्हा सून गाठोड्याच्या तळव्याशी बोट धरून होती. खळगा पडत होता, पण सकाळएवढा खोल नव्हता, की आपल्यालाच तसं वाटतंय, त्यांना ठरवता येईना. त्यांनी स्टूल ओढलं. ज्या बाईने सभागृहं गाजवली तिला चार वाक्यं जुळवायला वेळ लागला. "त्या दुपारी मी लवकर घरी आले ना, ते घसा खवखवला म्हणून. पेशींना लागू नये म्हणून. आणि येऊन हिला घेतलं. मास्कसुद्धा लावला नाही. मला तुला सांगायचं होतं." सुनेने गाठोड्याच्या छातीवरची तार सरळ केली. बाईंनी मान खाली घातली. मग सून म्हणाली, "आई, माझं नाक तुमच्याही आधीपासून गळत होतं." "काय?" "तुम्ही समोर आलात की मी ओढून घ्यायचे. बाथरूममध्ये जाऊन शिंकायचे, नळ सोडून. म्हटलं, तुम्हाला कळलं तर मला एका खोलीत कोंडाल आणि हिला बाटलीवर ठेवाल. मला पाजायचं होतं हो तिला." तिचा आवाज फाटला. "त्या दुपारी मी काही झोपेला आले नव्हते. मुद्दाम दिली मी तिला तुमच्याकडे. म्हटलं, घरात एक तरी माणूस सोवळ्यातलं आहे, निदान दुपारभर हिला माझं लागणार नाही."

बाईंनी स्टूल आणखी जवळ ओढलं. म्हणजे आपल्या खांद्यावर बाळ ठेवलं गेलं होतं ते विश्वासाने. "अगं, मास्क लावून पाजायचं की," त्या कशाबशा म्हणाल्या, "पाजू नको असं मी कधीच म्हटलं नसतं. दुधातून तर तिला तुझंच बळ मिळतं." "मला कुठे माहीत होतं?" "मी कुठे सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. जगाला सांगत फिरले, घरात नुसत्या पाट्या लावल्या. त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. तसा त्यांनी तो याआधी कधी ठेवला नव्हता, लग्नातसुद्धा घाईत फोटोपुरता. सुनेने डोकं त्यांच्या कुशीत टाकलं, आणि मास्क लावलेल्या त्या दोघी एकमेकींना धरून आवाज न करता रडल्या.

तेवढ्यात फोन थरथरला. धाकटी. "बाई, दोन्ही वाचून झाले. शेजारी शेजारी ठेवलेत. सांगू?" बाईंनी खाटेकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, काचेपलीकडे थर्मास सांभाळत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. काय निघणार ते त्यांना कळून चुकलं होतं. एका घरातल्या चार नाकांत आणि पाचव्या चिमुकल्या नाकात एकच मजकूर, फार तर एखाद्या अक्षराचा फरक. त्यावरून कोणी कोणाला दिलं हे जगातलं कुठलंही मशीन सांगू शकणार नव्हतं. ते एवढंच सांगणार होतं की ही माणसं एका घरात राहतात. "नको," त्या म्हणाल्या. "वर्गासाठी ठेवून दे. आणि दारावरची ती पाटी काढ. उद्या येऊन नवी लिहिते." "काय लिहायचं?" "ते अजून सुचलं नाहीये. पण त्यात 'सांगा' हा शब्द असेल."

सिस्टर आली, नाकातला चिकटा ओढून घेणारं यंत्र तिने लावलं, काढलं, नळीतून द्यायच्या दुधाची वाटी बाजूला ठेवली आणि आपल्या बोटाने गाठोड्याचा ओठ सहज चाळवला. गाठोड्याने बोट पकडलं. चोखलं. थांबून श्वास घेतला, पुन्हा चोखलं, आणि बोटातून काही येत नाही हे लक्षात आल्यावर तिच्या कपाळावर आठी पडली, बाईंच्या कपाळावर पडते अगदी तशी. तोंड वाकडं झालं, लाल झालं, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग तिने असं भोकाड पसरलं की पलीकडच्या खाटेवरची आई दचकून उठली. आवाज घोगरा होता, मध्येच अडकत होता, पण तो होता. "आता मी जेवायला जाते," सिस्टर म्हणाली, गेली मात्र नाही, तिथेच कमरेवर हात ठेवून हसत उभी राहिली. सून गडबडीने हात धुवायला धावली, मास्क नीट बसवला, खुर्चीत बसून हात पुढे केले. बाईंनी तारा सांभाळत गाठोड्याला उचललं, एक क्षणभर उभं धरलं, आणि तिच्या आईकडे दिलं.

आवाज बाहेर गेला असणार. नवरा काचेला नाक लावून उभा होता, आणि त्याच्यामागे लिफ्टमधला माणूस, मास्कच्या वर डोळे विस्फारून. "काय झालं हो? एवढी का रडतेय?" त्याने घाबरून विचारलं. बाई दारापर्यंत गेल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना मुळीच घाई नव्हती.

"भूक लागलीय," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही."